दट्ट्या, जाळी आणि चोथा

फ्रेंच प्रेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॉफीच्या भांड्याचा इतिहास सांगायला बसलेला लेखक बहुधा तीन सनांच्या आधाराने पुढे सरकतो : १८५२, १९२९ आणि १९५८. पहिल्या सनात पॅरिसमधील मेयेर आणि देलफोर्ज हे दोघे दट्ट्याने कॉफी गाळण्याच्या युक्तीचे पेटंट घेतात. दुसऱ्यात मिलानचे आत्तिलिओ कालिमानी आणि ज्युलिओ मोनेता ती युक्ती व्यवहारात उतरेल अशी करतात. तिसऱ्यात फालिएरो बोंदानिनी हा स्विस गृहस्थ तिला आज आपण ओळखतो ते रूप देतो. भांडे शोधले गेले, सुधारले गेले, परिपूर्ण झाले, अशी ही तीन अंकी रचना आहे. तिच्यात एक चमत्कारिक गोष्ट अशी, की एवढ्या शंभर-सव्वाशे वर्षांत ते भांडे एकदाही धुतले जात नाही.

पेटंट हा दस्तऐवजच तसा असतो. त्यात दट्ट्या खाली जातो, कॉफी वर राहते, चोथा तळाशी दाबला जातो आणि वर्णन तिथे थांबते. प्यालेला कॉफीचा पेला, तळाशी चिकटलेला ओला चोथा, जाळीच्या तारांमध्ये अडकलेला भुगा आणि काचेवर चढलेला तपकिरी ओशट थर यांना त्या संहितेत जागा नसते. आमचे म्हणणे असे आहे, की या भांड्याच्या रूपात झालेले बदल समजून घ्यायचे तर त्या रिकाम्या जागेतूनच वाचायला सुरुवात करावी लागते. गाळण्याच्या प्रत्येक साधनाला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. गाळ कसा अडवायचा, हा पहिला. आणि अडवलेल्या गाळाचे पुढे काय करायचे, हा दुसरा. शोधांचा इतिहास पहिल्या प्रश्नाचाच असतो. दुसऱ्याची उत्तरे मोरीत, सिंकपाशी, बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हातून दिली जात असतात.

कॉफी पाण्यात उकळून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळ पिण्याची पद्धत जुनी. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये कापडी पिशवीत भुकटी घालून तिच्यावर गरम पाणी ओतण्याची चाल आली. १८०० च्या सुमारास पॅरिसचे आर्चबिशप द बेलोआ यांच्या नावावर मोडणारे, एकावर एक दोन भांडी बसवून मधल्या सच्छिद्र तळातून कॉफी पाझरू देणारे साधन प्रचारात आले. ब्रिया-सावारँने १८२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या रुचिमीमांसेत अनेक पद्धती करून पाहिल्यावर हीच पद्धत पसंत केल्याचे नमूद केले आहे. त्याच्या आधी, १८१२ मध्ये, काउंट रम्फर्ड या उष्णताशास्त्रज्ञाने कॉफीवर एक स्वतंत्र निबंध लिहून, उकळल्याने सुगंध उडून जातो हे बजावले होते. (रम्फर्ड म्हणजे तोफांना भोके पाडताना निर्माण होणारी उष्णता मोजणारा तोच. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतून त्याची तोफ येते, कॉफी येत नाही.) थोडक्यात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रेंच कॉफीचिंतन एका मुद्द्यावर स्थिरावले होते : उकळू नका, मुरू द्या, आणि नीट गाळा.

मेयेर-देलफोर्ज यांचे १८५२ चे साधन याच चिंतनातून निघाले. कॉफी भांड्यात मुरू द्यायची आणि मग एका दांड्याला जोडलेली गाळणी वरून खाली दाबायची. गाळणी म्हणजे छिद्रे पाडलेला पत्रा, आणि त्याच्या वर-खाली फ्लॅनेलचा एकेक थर. भांड्याच्या भिंतीला ही चकती घट्ट बसावी आणि तरी सरकावी, ही अडचण त्या काळच्या पत्राकामाला सहज सुटणारी नव्हती. फ्लॅनेलचे मऊ लव ती फट बुजवण्याच्या कामी येत असणार. परंतु स्वयंपाकघरात कापड हाताळलेल्या कोणालाही पुढचे सांगायला नको. ओले, तेल प्यालेले लोकरी कापड दोन दिवसांत कुबट होते. ते रोज सोडवून धुवावे, पिळावे, वाळवावे आणि पुन्हा बांधावे लागते. साबणाने धुवावे तर साबणाचा वास कॉफीत उतरतो, नुसत्या पाण्याने धुवावे तर तेल निघत नाही. या साधनाने पुढे घरोघर मुक्काम ठोकला नाही यामागे धातुकामाची मर्यादा जेवढी, तेवढाच हा कापडाचा जाच असावा, असे आम्हांला वाटते.

तो जाच कोणाच्या वाट्याला येत होता? फ्रेंच कादंबरी वाचणाऱ्यांना त्या मोलकरणींची ओळख आहे. फ्लोबेरच्या १८७७ मधील प्रसिद्ध दीर्घकथेतील फेलिसिते वर्षाला शंभर फ्रँकांवर स्वयंपाक, झाडलोट, शिवण, धुणे, इस्त्री असे सगळे करते. आणि तिच्या भांड्यांची चकाकी पाहून इतर घरांतल्या मोलकरणी हताश होतात, असे लेखक सांगतो. त्या चकाकीचा उल्लेख वर्गात आपण बहुधा स्वभावचित्रणाचा तपशील म्हणून शिकवतो. तो श्रमाच्या इतिहासाचाही तपशील आहे. तांब्याच्या भांड्यांना आतून कथलाचा लेप देणारे कारागीर फ्रान्सच्या गल्ल्यांतूनही हाळी देत फिरत असत. आपल्याकडच्या कल्हईवाल्याचे ते दूरचे भाऊबंद. वस्तूंचे आयुष्य वाढवणाऱ्या या माणसांच्या नावे पेटंट नसते, त्यामुळे वस्तूंच्या चरित्रात ती पात्रे म्हणूनही येत नाहीत.

कापडाच्या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे मिळाली, आणि दोन्ही विसाव्या शतकात. पहिले जर्मनीत. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये पितळी भांड्याच्या तळाला भोके पाडून त्यावर मुलाच्या वहीतला टिपकागद अंथरला आणि त्यातून कॉफी गाळली. त्याच वर्षी तिने त्याची अधिकृत नोंदणी केली, कंपनीही काढली. तिच्या शोधाचे वर्णन नेहमी 'चोथा न येणारी, कडू नसलेली कॉफी' असे केले जाते. आम्हांला त्यातला अधिक महत्त्वाचा भाग असा वाटतो, की गाळणी धुण्याचे कामच तिने रद्द केले. कागद चोथ्यासकट उचलायचा आणि टाकायचा. ज्या शोधकर्तीला स्वतः भांडी घासावी लागत होती तिने दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली, हा योगायोग मानायला आमचे मन तयार नाही.

दुसरे उत्तर इटलीत, धातूचे. कालिमानी-मोनेता यांनी १९२९ मध्ये गाळणीच्या कडेभोवती स्प्रिंग गुंडाळली. स्प्रिंग भांड्याच्या भिंतीवर बाहेरच्या अंगाने दाब देत राहते, म्हणून फट उरत नाही आणि चकती वाकडी होत नाही. फ्लॅनेलचे काम स्प्रिंगने घेतले. त्याला गंजरहित पोलादाची साथ मिळाली. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने ते १९१३ मध्ये सिद्ध केले होते. बारीक तारेची जाळी रोज ओली राहायची तर साधे लोखंड गंजते आणि पितळेवर हिरवट कळा चढते. गंजरहित पोलाद या दोन्हींतून सुटते. जाळी आता टाकायची नव्हती आणि पिळून वाळत घालायचीही नव्हती. ती धुवायची होती. फ्रेंच प्रेसच्या निगराणीचा खरा इतिहास इथून सुरू होतो, कारण धातूच्या जाळीने चोथा अडतो, तेल अडत नाही.

तेलाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. अरेबिका जातीच्या बियांत वजनाच्या सुमारे पंधरा टक्के आणि रोबस्टात सुमारे दहा टक्के स्निग्ध पदार्थ असतात. भाजताना पेशींची रचना ठिसूळ होते, तेल मोकळे होते, आणि गरम पाण्यात त्याचे सूक्ष्म थेंब उतरतात. कागदी गाळणीत ते बव्हंशी अडकतात. जाळीतून ते पेल्यात येतात, आणि फ्रेंच प्रेसच्या कॉफीला जो भरदारपणा असतो तो त्यांचाच. या तेलात लिनोलेइक आम्लासारखी असंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात. ती हवेतल्या ऑक्सिजनशी सहज संयोग पावतात, आणि त्यातून उग्र वासाची द्रव्ये तयार होतात. इंग्रजी पाककृतींत यासाठी एकच शब्द येतो. मराठीत ही चढण पायरीपायरीने मोजता येते : भांडे आधी ओशट होते, मग चिकट, मग त्यावर कीट धरते, आणि शेवटी वास खवट येतो. जुन्या खोबऱ्याचा, उघड्या राहिलेल्या शेंगदाण्याच्या कुटाचा तो वास ज्याला माहीत आहे त्याला न धुतलेल्या जाळीचा वास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रसायन तेच.

म्हणूनच 'कॉफीचे भांडे साबणाने धुऊ नये, त्याला मुरू द्यावे' या लोकप्रिय समजुतीचा इथे समाचार घ्यावासा वाटतो. तिचे मूळ शोधले तर ते बहुधा अन्य भांड्यांत सापडते. आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या १९३३ च्या मोका या ॲल्युमिनियमच्या भांड्याविषयी इटालियन घरांत साबण वर्ज्य मानतात. चिनी यिशिंग मातीच्या चहादाण्यांविषयीही तसेच सांगितले जाते, कारण ती माती सच्छिद्र असते आणि साबण शोषते. ॲल्युमिनियम तीव्र क्षारांनी काळवंडते हेही खरे. परंतु काच आणि गंजरहित पोलाद यांना ना छिद्रे आहेत, ना काळवंडण्याची भीती. त्यांच्यावर चढलेला राप म्हणजे आठवड्यापूर्वीच्या कॉफीचे शिळे तेल, दुसरे काही नाही. राप आणि संस्कार या दोन शब्दांची गल्लत साहित्यव्यवहारातही होत असते, पण तो विषय वेगळा.

विसाव्या शतकाच्या मध्याकडे येऊ. बोंदानिनीने १९५८ मध्ये आपल्या आवृत्तीचे पेटंट घेतले, आणि तिचे उत्पादन फ्रान्समध्ये मार्टिन या क्लॅरिनेट बनवणाऱ्या कारखान्यात सुरू झाले. भांड्याचे नाव 'शांबॉर', लुआर खोऱ्यातील राजवाड्यावरून. वाद्यांच्या कारखान्यात कॉफीचे भांडे हा योग गमतीचा वाटेल, पण नळीत बेताने सरकणारे भाग आणि नाजूक धातुकाम ही दोन्हींची सारखीच गरज. (क्लॅरिनेटही वाजवून झाल्यावर आतून कापड ओढून पुसावे लागते, नाहीतर श्वासातला ओलावा लाकूड खातो. त्या कारागिरांना नळ्या पुसण्याची वेगळी शिकवण द्यावी लागली नसावी.)

याच्या अगदी एक वर्ष आधी, १९५७ मध्ये, त्याच फ्रान्समध्ये रोलाँ बार्थचा 'मितॉलॉजी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातला धुण्याच्या पावडरींवरील छोटा निबंध आपल्या अभ्यासक्रमांत अधूनमधून येतो. बार्थ तिथे दोन प्रकारच्या स्वच्छतांची मिथके वेगळी काढतो. क्लोरिनचे द्राव मळाला जाळतात, मारतात. पावडरी त्याला कपड्यातून हुसकून लावतात. फेसाविषयीचे त्याचे निरीक्षण तर विशेषच : फेस ही चैनीची खूण आहे, आणि तिच्यामागे घासण्याचा खरखरीतपणा दडवला जातो. बार्थचे उदाहरण कपड्यांचे आहे, भांड्यांचे नाही. परंतु शांबॉर ज्या स्वयंपाकघरात शिरले ते हेच, संश्लेषित डिटर्जंट नुकतेच आलेले स्वयंपाकघर होते, आणि हा केवळ सांस्कृतिक योगायोग नाही. साधा साबण जड पाण्यातील कॅल्शियमशी मिळून न विरघळणारी साय धरतो. बारीक जाळीत ती साय बसली की निघत नाही. डिटर्जंट तशी साय धरत नाही. तारेची घट्ट वीण आणि डिटर्जंट यांचा संसार त्यामुळेच सुखाचा झाला.

दुसरा सहप्रवासी काच. जेनाच्या ओटो शॉटने १८८० च्या दशकात बोरोसिलिकेट काचेवर काम केले, आणि अमेरिकेत कॉर्निंगने १९१५ मध्ये पायरेक्स या नावाने ती स्वयंपाकघरात आणली. उष्णतेने ही काच साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, म्हणून उकळते पाणी सोसते. पण काचेने आणखी एक गोष्ट केली. चांदीच्या किंवा चिनी मातीच्या कॉफीदाणीत आतला थर दिसत नसे. पारदर्शक भांड्यात चोथा तरंगताना, बसताना, दबताना दिसतो. तो देखावाच या साधनाचे आकर्षण ठरला. त्याच पारदर्शकतेमुळे न धुतलेले भांडेही पाहुण्यांना दिसू लागले.

इथे मेरी डग्लस यांचे १९६६ चे विवेचन आठवणे अपरिहार्य आहे. घाण हा पदार्थाचा गुण नसतो, चुकीच्या जागी असलेल्या पदार्थाला आपण घाण म्हणतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. फ्रेंच प्रेसमध्ये हा सिद्धान्त चार मिनिटांत घडताना दिसतो. दट्ट्या दाबण्यापूर्वी भांड्यात असते ती 'कॉफी'. ती मोजून घेतलेली असते, सुगंधी असते, महागही असते. दट्ट्या खाली गेला की जाळीच्या खालचा तोच पदार्थ 'चोथा' होतो. जाळी ही सीमा आहे, आणि सीमेवर जे अडकते, धड इकडे ना तिकडे, त्याचीच किळस सर्वांत अधिक वाटते. भांड्याचा तळ आपण विनातक्रार धुतो. जाळीची घडी उलगडायचा कंटाळा करतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे. साहित्याच्या पानांवर हे कशाला, असे वाचकांस वाटू शकेल. आमचे उत्तर असे, की कृती ठाऊक नसेल तर वरील इतिहास नुसता सनावळीसारखा वाचला जातो.

कॉफी ओतून झाल्यावर भांडे तासन् तास तसेच ठेवू नये. चोथा वाळला की तळाशी थापल्यासारखा बसतो. दट्ट्या वर काढून भांड्यात दोन घोट पाणी घालावे, भांडे खळबळावे आणि सारे एका गाळणीवर ओतावे. गाळणीतला चोथा कुंडीत किंवा ओल्या कचऱ्यात जातो. तो सिंकमध्ये सोडू नये. कॉफीचे कण पाण्यात विरघळत नाहीत, आणि नळीतल्या मेणचट थराला धरून ते साठत जातात. तळ खरवडायला स्टीलचा चमचा वापरू नये, लाकडी किंवा रबरी उलथने घ्यावे. कारण काचेवर उमटलेला ओरखडा डोळ्यांना दिसत नसला तरी काच तिथे दुर्बळ होते, आणि एखाद्या सकाळी उकळते पाणी ओतताच तिथूनच तडकते. गरम भांड्यात एकदम गार पाणी घालणे हेही त्याच कारणाने टाळावे. बोरोसिलिकेट असली तरी ती शेवटी काचच.

मग कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून दट्ट्या चार-सहा वेळा वर-खाली करावा. जाळीतून पाणी दोन्ही दिशांनी जाते, हे हाताने घासण्याहून गुणकारी. रोजचे एवढे पुरते. आठवड्यातून एकदा मात्र दांड्याचा खालचा आटा सोडवून चकत्या सुट्या कराव्या लागतात. त्यांचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे : सर्वांत खाली छिद्रांची चकती, मध्ये तारेची जाळी, आणि वर कडेला स्प्रिंग असलेली चकती. म्हणजे कालिमानीची स्प्रिंग अजून आपल्या जागी आहे. खवटपणा साठतो तो या चकत्यांच्या मधल्या पोटात, जिथे वरून कितीही पाणी ओतले तरी घर्षण पोचत नाही. सुटी केलेली जाळी खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी आणि मऊ ब्रशने, तारांच्या दिशेने, हलकेच घासावी. हट्टी डागांना धुण्याचा सोडा अधिक लागू पडतो, कारण तो अधिक क्षारधर्मी आहे आणि तेलाचे अंशतः साबणात रूपांतर करतो. आपल्या आज्या चुलीतल्या राखेने तेलकट भांडी घाशीत, त्यामागचे रसायन हेच. राखेत पोटॅशियमचा कार्बोनेट असतो. मात्र राख आणि काथ्या काचेला लावू नयेत, ओरखड्यांचे कारण वर आलेच आहे.

बोअरचे जड पाणी असेल तर काचेवर पांढुरका थर धरतो. तो तेलाचा नसून चुन्याचा, म्हणून त्याला सोडा चालत नाही. तिथे आम्ल लागते : पांढरा व्हिनेगर किंवा लिंबूफूल. हल्ली घरगुती युक्त्यांच्या सदरांत सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा सल्ला फार लोकप्रिय आहे. फेस येतो, समाधान होते. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना निष्प्रभ करतात, आणि मागे उरते ते जवळजवळ नुसते खारट पाणी. बार्थच्या फेसाला इतके चोख उदाहरण त्यालाही मिळाले नसते. दोन्ही वापरायचेच तर एकापाठोपाठ, मध्ये विसळून वापरावे.

एवढे काम, रोज. सिडनी फ्युरीच्या १९६५ मधील 'द इप्क्रेस फाइल' या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मायकेल केनने रंगवलेला गुप्तहेर सकाळी उठून बिया दळतो आणि दट्ट्याच्या भांड्यात कॉफी करतो. ब्रिटिश प्रेक्षकांना हे भांडे परिचित होण्याआधीचे ते दृश्य, एकट्या, चोखंदळ, शहरी पुरुषाची खूण म्हणून रचलेले. त्या दृश्यात भांडे घासणे नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये अमेरिकन घरांविषयी दाखवून दिले होते, की घरगुती यंत्रांनी पुरुषांचे, मुलांचे आणि नोकरांचे काम कमी केले, गृहिणीचे मात्र फारसे नाही; मानदंड उंचावत गेले आणि काम तेवढेच राहिले. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापराच्या आणि देखभालीच्या बाजूने लिहिण्याचा आग्रह धरला. या दोघांच्या पुस्तकांत फ्रेंच प्रेस शोधायची गरज नाही. कोणत्याही महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात पाहावे. कॉफीची वर्गणी कोणी दिली याची यादी भिंतीवर असते. भांडे कोणी धुतले याची नसते, कारण ते बहुधा मावशी धुतात.

या भांड्याचे अलीकडचे चरित्र बाजारपेठेचे आहे आणि ते आम्ही थोडक्यात उरकतो. १९४४ मध्ये कोपनहेगनात स्थापन झालेल्या बोडुम कंपनीने १९७४ मध्ये 'बिस्त्रो' ही आपली आवृत्ती आणली, आणि १९९१ मध्ये मार्टिन कंपनीच विकत घेतली. ब्रिटनमध्ये हेच रूप 'ला काफेतिएर' या नावाने दुसरी कंपनी विकत होती. दोघांतला तंटा अमेरिकन न्यायालयात गेला, आणि २०१० मध्ये शिकागोच्या सातव्या परिक्षेत्रीय अपील न्यायालयाने बोडुमच्या विरुद्ध निकाल दिला. खटला एका फ्रेंच भाषेतील कराराच्या अर्थावर अवलंबून होता. निकालावर एकमत झाले, तरी परक्या भाषेतला कायदा न्यायाधीशांनी भाषांतरे आणि ग्रंथ वाचून स्वतः समजून घ्यावा, की तज्ज्ञांच्या साक्षींवर विसंबावे, या प्रश्नावर न्यायमूर्ती पोस्नर आणि न्यायमूर्ती वुड यांनी परस्परविरोधी टिपणे जोडली. भाषांतरमीमांसा शिकवणाऱ्यांनी ती मुळातून वाचावीत. आमच्या विषयाला लागून असलेला भाग एवढाच : अशा दाव्यात संरक्षण मागता येते ते रूपाला, म्हणजे धातूची चौकट, पाय, घुमट झाकण, गोल मूठ यांना. जे भाग उपयुक्ततेसाठी असतात, जसे जाळी, स्प्रिंग आणि दांडा, ते त्या दाव्याच्या बाहेर. रोज घासावे लागणारे सगळे भाग कायद्याने सार्वजनिक ठरवलेले आहेत. त्यामुळेच भांडे फुटले तर नुसती काच, तारा विसकटल्या तर नुसती जाळी, वेगवेगळ्या उत्पादकांची विकत मिळते, आणि माप जुळले तर बसतेही. विसकटलेली जाळी मात्र वेळीच बदलावी. सुटलेली तार काचेला ओरबाडते.

तेलाची गोष्ट मात्र स्वच्छतेपाशी संपली नाही. नॉर्वेतील ट्रॉम्सोच्या पाहणीतून १९८३ मध्ये कॉफी आणि कोलेस्टेरॉल यांचा संबंध समोर आला. तिथे कॉफी उकळून, न गाळता पिण्याची रीत होती. नेदरलँड्समधील संशोधकांनी पुढे कॅफेस्टॉल आणि काहवेओल ही तेलातली द्रव्ये त्यामागे असल्याचे दाखवले. १९९६ मध्ये उर्गर्ट, काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना सहा महिने रोज पाच-सहा कप दट्ट्याची किंवा कागदाने गाळलेली कॉफी देऊन तुलना केली. दट्ट्याची कॉफी पिणाऱ्यांचे घातक कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. हे ताज्या तेलाविषयी आहे. भांडे कितीही लख्ख घासले तरी पेल्यात उतरणाऱ्या ताज्या तेलात त्याने फरक पडत नाही.

ज्यांना हे तेल नको आणि भांडेही सोडवत नाही अशांसाठी आता कागदाच्या गोल चकत्या मिळतात. दांड्याचा आटा सोडवायचा, धातूच्या चकत्यांमध्ये ओला कागद ठेवायचा आणि पुन्हा घट्ट करायचे. १८५२ मध्ये मेयेर-देलफोर्ज यांनी पत्र्याला फ्लॅनेलची जोड दिली होती. आता पत्र्याच्या जोडीला मेलिटा बेंट्झचा कागद आला आहे. तो चोथ्याबरोबर टाकून देता येतो. मात्र तो बसवण्यासाठी आठवड्याची ती उलगडणी आता रोज करावी लागते.